गिअर रेशो म्हणजे काय? आपल्याच गाडीचं गणित मांडा आणि घाटात गिअर डोळे झाकून निवडा

घाटात कुठला गिअर टाकायचा असं गाडी शिकणाऱ्याने विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "इंजिनचा आवाज ऐक, आपोआप कळेल". उत्तर चुकीचं नाहीये पण अर्धवट आहे. आजकालच्या गाड्यांत काचा बंद, एसी चालू, गाणी चालू, इंजिन ऐकू येतंय कुठे? आणि आवाज ऐकला तरी त्यातून नक्की काय ओळखायचं हे कोणी नीट सांगत नाही. खरं म्हणजे या सगळ्यामागे सहावी-सातवीचा गुणाकार-भागाकार आहे, त्यापलीकडे काही नाही. एखाद्या रविवारी तासभर काढून आपल्या गाडीचं गणित एकदा मांडलं की ती गाडी विकेपर्यंत ते कामाला येतं, घाटात येतं, ओव्हरटेक करताना येतं, क्लच प्लेट गेलीय की मेकॅनिक उगाच सांगतोय हे बघायलाही येतं.

लागणाऱ्या वस्तू घरातल्याच आहेत: गाडीचं ओनर्स मॅन्युअल, मोजपट्टी, खडू, मोबाइलचा कॅल्क्युलेटर आणि जीपीएसवर स्पीड दाखवणारं कुठलंही अ‍ॅप. गाडीत आरपीएम (इंजिनचे मिनिटाला किती फेरे) दाखवणारा मीटर असेल तर उत्तम, नसेल तरी अर्ध्याहून जास्त काम होतं.

खाली सगळीकडे मी एकच उदाहरण धरलंय, १.२ लिटर पेट्रोल इंजिन, पाच गिअर, फ्रंट व्हील ड्राइव्ह, छोटी हॅचबॅक, म्हणजे आपल्याकडे रस्त्यावर सगळ्यात जास्त दिसणारी गाडी. आकडे अशा गाड्यांमध्ये असतात तसेच घेतलेत, पण तुमच्या गाडीचे तुम्हीच बघा, कारण एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेलमध्ये रेशो वेगळे असतात, मॉडेल इयर बदललं की कधी कधी तेही बदलतात.

पायरी १: दाते मोजा (कागदावर)

गिअरबॉक्समध्ये प्रत्येक गिअर म्हणजे दात्यांच्या दोन चाकांची जोडी. एक चाक इंजिनच्या बाजूचं, दुसरं टायरच्या बाजूचं. पहिल्या गिअरमध्ये इंजिनकडच्या चाकाला ११ दाते आणि टायरकडच्या चाकाला ३९ दाते असतील तर ३९ ÷ ११ = ३.५४५, हाच झाला पहिल्या गिअरचा रेशो. याचा अर्थ इतकाच की इंजिन ३.५४५ वेळा फिरेल तेव्हा पुढचा शाफ्ट (फिरणारा दांडा) एकदा फिरेल. फेरे साडेतीन पटीने कमी झाले आणि त्याच्या बदल्यात पिळण्याची ताकद, म्हणजे टॉर्क, साडेतीन पटीने वाढली.

मोठा धोंडा हलवायला आपण लांब पहार लावतो, हात दोन-तीन फूट खाली येतो तेव्हा धोंडा दोन इंच उचलला जातो, पण उचलला जातो. गिअर हेच करतो. इंजिनची पॉवर कुठल्याही गिअरमध्ये तेवढीच राहते, गिअर फक्त ती फेऱ्यांच्या रूपात द्यायची की जोराच्या रूपात हे ठरवतो. "पहिल्या गिअरमध्ये पॉवर जास्त असते" असं सर्रास बोललं जातं, तिथे पॉवरच्या जागी जोर म्हणा, मग पुढचं सगळं सोपं जातं.

आपल्या उदाहरणाच्या गाडीचे पाचही गिअर असे आहेत:

पहिला: ३९ ÷ ११ = ३.५४५
दुसरा: ४० ÷ २१ = १.९०५
तिसरा: ३२ ÷ २५ = १.२८०
चौथा: २८ ÷ २९ = ०.९६६
पाचवा: २८ ÷ ३७ = ०.७५७
रिव्हर्स: ३६ ÷ ११ = ३.२७३

यात एक गंमत बघा. ११ आणि ४४ घेतले असते तर सरळ ४ चा रेशो आला असता, मग ११ आणि ३९ असे अडनिडे आकडे कशाला? कारण ४४ ला ११ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे छोट्या चाकाचा एक ठरावीक दाता मोठ्या चाकाच्या त्याच चार दात्यांवर आयुष्यभर आपटत राहिला असता, आणि त्यात एखादा दाता जरा खराब असेल तर तो समोरच्या त्याच चार दात्यांना खात बसला असता. ११ आणि ३९ मध्ये सामाईक भाजक नाही, म्हणून तीच जोडी पुन्हा भेटायला छोट्या चाकाचे ३९ फेरे व्हावे लागतात, प्रत्येक दाता समोरच्या प्रत्येक दात्याला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. वरची सगळी यादी तपासून बघा, प्रत्येक जोडी अशीच आहे. मला विचाराल तर कारमधलं सगळ्यात देखणं इंजिनिअरिंग हे आहे, आणि ते कोणाला दिसतही नाही.

हे दाते एकमेकांत कायम अडकलेलेच असतात बरं का. आपण गिअर टाकतो तेव्हा चाकं सरकत नाहीत, कुठली जोडी शाफ्टला पक्की करायची एवढंच लिव्हरने ठरतं आणि दोघांचा वेग जुळवून द्यायचं काम सिंक्रोनायझर करतो. रिव्हर्सचे दाते मात्र बऱ्याच गाड्यांत सरळ कापलेले असतात आणि त्याला बहुतेक वेळा सिंक्रोनायझर नसतो, म्हणून रिव्हर्समध्ये तो "वीऽऽ" असा आवाज येतो आणि गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकला तर कर्रर्र करतो.

पायरी २: फायनल ड्राइव्ह विसरू नका

बहुतेक लोक इथेच अडकतात. गिअरबॉक्समधून बाहेर पडल्यावर चाकांपर्यंत जाण्याआधी अजून एक जोडी लागते, ती म्हणजे डिफरन्शियलवरची (डिफरन्शियल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना फेरे वाटून देणारा भाग) फायनल ड्राइव्ह. आपल्या उदाहरणात ७८ ÷ १९ = ४.१०५. ही प्रत्येक गिअरला लागतेच लागते, म्हणून गिअरचा रेशो आणि फायनल ड्राइव्ह यांचा गुणाकार करायचा, तो झाला एकूण रेशो:

पहिला: १४.५५
दुसरा: ७.८२
तिसरा: ५.२५
चौथा: ३.९७
पाचवा: ३.११

म्हणजे पहिल्या गिअरमध्ये टायर एकदा फिरायला इंजिन साडेचौदा वेळा फिरतं आणि पाचव्यात जेमतेम तीन वेळा. पाचवा गिअर ०.७५७ म्हणजे एकापेक्षा कमी, याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात, पण फायनल ड्राइव्ह धरली की टायर इंजिनपेक्षा हळूच फिरतो हे लक्षात घ्या. दोन गाड्यांची तुलना करताना नुसते गिअरचे रेशो बघून उपयोग नाही ते यामुळेच, एकाचा पहिला गिअर ३.५ आणि दुसऱ्याचा ३.९ असला तरी फायनल ड्राइव्ह वेगळी असेल तर चित्र उलटं होऊ शकतं.

हे आकडे मॅन्युअलच्या शेवटी स्पेसिफिकेशनच्या पानावर मिळतात. तिथे नसतील तर पायरी ५ मध्ये ते स्वतः काढायची युक्ती आहे.

पायरी ३: टायर एका फेऱ्यात किती पुढे जातो

टायरवर १६५/८० आर १४ असं काहीतरी लिहिलेलं असतं. १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, १४ म्हणजे रिम १४ इंची. गणित: रिम १४ × २५.४ = ३५५.६ मिमी, भिंत १६५ × ०.८ = १३२ मिमी आणि ती वर-खाली दोन्हीकडे, म्हणून २६४. एकूण व्यास ६१९.६ मिमी, परीघ १.९४६ मीटर.

पण हा झाला कागदावरचा टायर. गाडीचं वजन पडलं की टायर खाली दबतो आणि एका फेऱ्यातलं अंतर दोन-तीन टक्क्यांनी कमी भरतं. म्हणून प्रत्यक्ष मोजा, फार सोपं आहे. आधी पंपावर जाऊन हवा बरोबर करून घ्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा कुठेही सपाट जागी गाडी सरळ उभी करा, इंजिन बंद, पण चावी ऑन ठेवा म्हणजे स्टिअरिंग लॉक होणार नाही, आणि एक माणूस ब्रेकवर पाय ठेवायला सीटवर बसलेला हवाच, त्याच्याशिवाय गाडी ढकलायची नाही. पुढच्या टायरवर बरोबर जिथे तो जमिनीला टेकतो तिथे खडूने आडवी रेघ मारा, त्याच्या समोर जमिनीवर तशीच रेघ मारा. आता न्यूट्रल करून दोघांनी हळूहळू सरळ ढकला, टायरवरची रेघ वर जाईल, पुन्हा खाली येईल, असे तीन फेरे होऊ द्या आणि तिसऱ्यांदा रेघ जमिनीला टेकली की तिथे खूण करा. दोन खुणांमधलं अंतर मोजून तीनने भागा. एकाऐवजी तीन फेरे एवढ्याचसाठी की रेघ चार मिलिमीटर इकडे-तिकडे झाली तरी तीनने भागल्यावर ती चूक नगण्य होते. आपल्या उदाहरणात ५.७० मीटर आले असं धरू, म्हणजे एका फेऱ्यात १.९ मीटर.

पायरी ४: हजार आरपीएमचा तक्ता

१००० आरपीएमला एका मिनिटात इंजिनचे हजार फेरे, टायरचे १००० ÷ एकूण रेशो, त्याला १.९ ने गुणलं की मिनिटाला किती मीटर ते आलं, ६० ने गुणून १००० ने भागलं की ताशी किलोमीटर. सगळं एकत्र केलं तर या गाडीसाठी फक्त एवढंच उरतं: ११४ ÷ एकूण रेशो. (११४ म्हणजे १.९ × ६०, तुमचा टायर वेगळा असेल तर तुमचा आकडा वेगळा.)

पहिला: ७.८ किमी
दुसरा: १४.६ किमी
तिसरा: २१.७ किमी
चौथा: २८.७ किमी
पाचवा: ३६.७ किमी

हे दर हजार आरपीएमला. दोन हजार आरपीएम असेल तर दुप्पट, तीन हजार असेल तर तिप्पट. हा पाच ओळींचा तक्ता म्हणजेच तुमच्या गिअरबॉक्सचं सगळं ज्ञान, एका चिठ्ठीवर लिहून सन व्हायझरमागे खोचून ठेवा.

पहिल्याच ओळीतून काय कळतं बघा. इंजिन आयडलला साधारण ७५० आरपीएमवर फिरतं, म्हणजे पहिल्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटरला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, गाडी ताशी सहा किलोमीटरने सरकते. ट्रॅफिक सहापेक्षा हळू सरकत असेल तर हाफ क्लचशिवाय गाडी चालूच शकत नाही आणि तिथेच क्लच प्लेट घासते. म्हणून पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटून इंच-इंच सरकण्यापेक्षा थोडं अंतर पडू द्यायचं आणि मग क्लच पूर्ण सोडून सहाच्या स्पीडने जायचं, मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

पायरी ५: रस्त्यावर पडताळा घ्या

मोकळा सपाट रस्ता बघा, पाचव्यात जीपीएसवर ८० चा स्पीड धरा आणि आरपीएम बघा. तक्त्याप्रमाणे ८० ÷ ३६.७ म्हणजे २१८० यायला हवा. मोबाइल बाजूला बसलेल्याने बघायचा, चालवणाऱ्याने नाही. गाडीचा स्पीडोमीटर यासाठी वापरू नका, तो खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, कारण कमी दाखवायची कंपन्यांना परवानगीच नाही.

मॅन्युअलमध्ये रेशो नव्हते? मग उलटं करा. एकूण रेशो = आरपीएम × १.९ × ६० ÷ (स्पीड × १०००). पाचही गिअरमध्ये एकेकदा आकडे लिहून घेतले की झालं. दोन गिअरमधलं प्रमाण काढायला तर टायरही मोजायला नको, एकाच स्पीडला दोन्ही गिअरचे आरपीएम बघा. ४० ला तिसऱ्यात १८४० आणि चौथ्यात १३९० आले तर १८४० ÷ १३९० = १.३२, आणि आपल्या यादीतही १.२८० ÷ ०.९६६ = १.३२ च येतं.

पायरी ६: दोन गिअरमधली उडी

३००० आरपीएमवर गिअर बदलला तर पुढच्या गिअरमध्ये इंजिन किती आरपीएमवर येऊन पडतं? नवा रेशो भागिले जुना रेशो, गुणिले ३०००:

पहिल्यातून दुसऱ्यात: १६१०
दुसऱ्यातून तिसऱ्यात: २०२०
तिसऱ्यातून चौथ्यात: २२६०
चौथ्यातून पाचव्यात: २३५०

पहिल्या उडीत इंजिन जवळजवळ अर्ध्यावर येतं, नंतरच्या उड्या लहान होत जातात. हे मुद्दाम केलेलं असतं, कारण वरच्या स्पीडला हवेचा विरोध वाढतो आणि तिथे मोठी उडी मारली तर इंजिनचा जोर कमी पडेल, गाडी पुढे जाणारच नाही. आता कळलं का की शहरात पहिल्यातून दुसरा घाईघाईने टाकला तर गाडी का धडधडते? १५०० वर बदलला की दुसऱ्यात इंजिन येतं ८०० वर, म्हणजे जवळपास आयडलला, आणि त्यात आपण अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. थोडं थांबा, २२००-२५०० पर्यंत जाऊ द्या.

सहा गिअरवाल्या गाडीत पॉवर जास्त असते हा समज इथेच निकालात निघतो. सहा गिअर म्हणजे तेवढ्याच जिन्याला एक पायरी जास्त, उड्या लहान होतात किंवा हायवेसाठी अजून एक लांब गिअर मिळतो, बस.

पायरी ७: घाट

आता खरा विषय. गाडी, चार माणसं आणि डिकीतलं सामान मिळून १२०० किलो धरू. वळणावरचा चढ १० ला १, म्हणजे दहा मीटर रस्त्याला एक मीटर उंची. हा चढ किती उभा आहे याची कल्पना यावी म्हणून सांगतो, रेल्वेच्या बोरघाटात चढ ३७ ला १ आहे आणि तेवढ्यासाठी मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. रस्त्याचे घाट सगळीकडे इतके उभे नसतात, पण आंबोली, ताम्हिणी, वरंधा असल्या जुन्या घाटांत एखाद्या वळणावर आतल्या बाजूने गेलात की असा टप्पा लागतोच.

१२०० किलोचं वजन न्यूटनमध्ये (न्यूटन म्हणजे जोर मोजायचं एकक, किलोला ९.८ ने गुणायचं) ११,७६०, त्याचा दहावा भाग साधारण ११८०. गाडी मागे खेचणारा जोर हा एवढा. त्यात टायरचा विरोध १६० आणि ताशी ४० ला हवेचा ५० मिळवा, झाले १३९० न्यूटन. ४० चा स्पीड टिकवायचा तर चाकांनी रस्त्याला किमान एवढा जोर लावायलाच हवा.

इंजिन काय देतंय? चाकावरचा जोर = इंजिनचा टॉर्क × एकूण रेशो × ०.९ (दहा टक्के घर्षणात जातात) ÷ चाकाची त्रिज्या, ती आपल्या गाडीत ०.३ मीटर. ०.९ ÷ ०.३ म्हणजे ३, म्हणून सोपं सूत्र: टॉर्क × ३ × एकूण रेशो.

चौथा गिअर: ४० ला आरपीएम १३९०. इतक्या खाली छोटं पेट्रोल इंजिन ९० एनएम (न्यूटन मीटर, टॉर्क मोजायचं एकक) देईलच असं नाही, तरी तेवढे धरू. ९० × ३ × ३.९७ = १०७०. हवेत १३९०. पाय जमिनीला टेकवला तरी गाडी मंदावणारच.

तिसरा: आरपीएम १८४०, टॉर्क ९० धरला तर ९० × ३ × ५.२५ = १४१८. कागदावर जेमतेम पास, २८ न्यूटन शिल्लक. एसी चालू असेल तर कॉम्प्रेसर तेवढे खाऊन टाकतो. ही ती अवस्था जिथे आपण अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतो, गाडी दम टाकत असते, आणि आपण "चढेल, चढेल" म्हणत बसतो.

दुसरा: आरपीएम २७४०, इथे इंजिन १०० एनएम आरामात देतं. १०० × ३ × ७.८२ = २३४६. हवेत १३९०, शिल्लक साडेनऊशे. अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरमध्ये गाडी चढते, एसीसकट.

दुसऱ्यात आरपीएम २७०० दिसला की अनेकांना इंजिन ओरडतंय असं वाटतं, आणि ते तिसऱ्यात टाकून इंजिनला "आराम" देतात. आराम बिलकूल मिळत नाही. या इंजिनची सगळ्यात जास्त पॉवर ६००० आरपीएमच्या आसपास असते, २७०० म्हणजे त्याच्यासाठी फिरायला जाणं आहे. उलट १५०० वर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून चढवणं हाच इंजिनवरचा खरा लोड, त्यात नॉकिंग (इंजिनची टकटक) होतं, इंजिनचे माउंटिंग हादरतात, पेट्रोलही वाचत नाही. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे मायलेजच्या नादात लोक इंजिनला जितका त्रास देतात तितका जोरात चालवून देत नाहीत.

सीएनजीवाल्यांनी एक गिअर आधीच खाली राहायचं. मारुतीच्या १.२ लिटर के-सिरीजचंच बघा, पेट्रोलवर ११३ एनएम आणि सीएनजीवर ९८.५, शिवाय डिकीत सिलिंडरचं वजन. टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या डिझेलची गोष्ट थोडी वेगळी. स्विफ्ट-डिझायरमध्ये यायचं त्या १.३ लिटर डिझेलचा टॉर्क १९० एनएम, पण तो २००० आरपीएमला, त्याच्या खाली टर्बो जागा झालेला नसतो. अशी गाडी हेअरपिनला दुसऱ्या गिअरमध्ये हजार-बाराशेवर आली की मेल्यासारखी होते, तिथे लाज न बाळगता पहिला टाकायचा.

उतरताना नियम तोच जो जुने ट्रकवाले सांगतात, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. कारण आता तुमच्या तक्त्यातच आहे. पाय काढल्यावर इंजिन गाडीला जे मागे धरून ठेवतं तो जोरही एकूण रेशोने गुणला जातो. दुसऱ्याचा ७.८२, पाचव्याचा ३.११, म्हणजे दुसऱ्यात इंजिन अडीच पट जास्त धरतं, आणि आरपीएम जास्त असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. तेवढं काम ब्रेकचं वाचलं. न्यूट्रल मारून उतरवलं तर सगळं ओझं ब्रेकवर, पॅड तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही, आणि पेट्रोलही वाचत नाही, कारण इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये पाय काढला की इंधन पूर्ण बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र आयडल चालू ठेवायला ते जळतच राहतं. न्यूट्रल मारायची सवय कार्ब्युरेटरच्या जमान्यातली आहे, ती सोडाच.

मात्र गिअर खाली टाकताना तक्ता आठवा. ८० च्या स्पीडला दुसरा टाकला तर ८० ÷ १४.६ म्हणजे जवळजवळ ५५००, इंजिन किंचाळेल पण वाचेल. चुकून पहिला बसला तर १०,२००. रेव्ह लिमिटर इथे काही करू शकत नाही, तो फक्त इंधन तोडतो, पण इंजिनला फिरवतायत चाकं. व्हॉल्व्ह वाकायला एक सेकंद पुरतो. म्हणून आधी ब्रेकने स्पीड कमी, मग गिअर.

पायरी ८: ओव्हरटेक

दोन पदरी रस्त्यावर पुढे एसटी, ताशी ६०, तुम्ही पाचव्यात. आरपीएम १६३५. पूर्ण दाबलं आणि टॉर्क १०० धरला तरी जोर ९३० न्यूटन, त्यातले सपाट रस्त्यावर पावणेतीनशे टायर आणि हवेला गेले, स्पीड वाढवायला उरले साडेसहाशे. तिसऱ्यात आरपीएम २७६०, जोर १५७५, उरले तेराशे. बरोबर दुप्पट, म्हणजे तेवढाच स्पीड वाढायला अर्धा वेळ लागेल आणि समोरच्या लेनमध्ये तुम्ही साधारण तीस टक्के कमी वेळ असाल. बाहेर निघायच्या आधी गिअर पाडायचा, बाहेर निघाल्यावर नाही.

क्लच प्लेट तपासा, फुकटात

हा तक्ता असला की मेकॅनिकवर अवलंबून राहावं लागत नाही. मॅन्युअल गाडीत क्लच पूर्ण सोडलेला असेल तर आरपीएम आणि स्पीड यांचं नातं पक्कं असतं, मध्ये फक्त दाते आहेत, दाते घसरत नाहीत. चौथ्यात ६० ला आरपीएम २०९० च्या आसपास असलाच पाहिजे. हलक्या चढावर चौथ्यात पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबा, काटा एकदम २८०० वर उडाला आणि स्पीड होता तिथेच राहिला तर क्लच घसरतोय, प्लेट बदलायला झाली. काटा आणि स्पीड हातात हात घालून वाढत असतील तर क्लच ठीक आहे, पिकअप कमी वाटतोय त्याचं कारण दुसरीकडे शोधा. ही टेस्ट वारंवार करू नका, घसरणारी प्लेट तापून लगेच जळते. सेकंड हँड गाडी घेताना मात्र जरूर करा.

मोठे टायर टाकताना

१६५/८० आर १४ काढून १९५/६५ आर १५ टाकले तर व्यास ६१९.६ वरून ६३४.५ होतो, २.४ टक्के वाढ. सगळे गिअर तेवढे लांब झाले, चढावरचा जोर २.४ टक्के कमी, आणि स्पीडोमीटर व ओडोमीटर तेवढं कमी दाखवणार. एवढं चालून जातं. तीन टक्क्यांच्या वर जाऊ नका, १.२ लिटरच्या गाडीला घाटात ते जाणवतंच.

ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिकवाल्यांसाठी

एएमटी म्हणजे हाच मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच आणि लिव्हर हलवायला मोटरी बसवलेल्या. वरचं सगळं गणित लागू, आणि घाटात मॅन्युअल मोडवर टाकून दुसरा धरून ठेवा, नाहीतर ती ऐन वळणावर तिसरा टाकायचा विचार करत बसते. सीव्हीटीमध्ये दाते नाहीत, दोन पुल्या आणि पट्टा, रेशो सलग बदलत राहतो, त्यामुळे वरची क्लच टेस्ट तिथे चालत नाही, आरपीएम आधी चढणं हा तिचा स्वभाव आहे. उतारावर एल किंवा एस मोड वापरा. थार, जिम्नीसारख्या गाड्यांत लो रेंज (फोर व्हील ड्राइव्हमधली जास्त जोराची वेगळी जोडी) टाकली की एकूण रेशोला अजून दोन-अडीच पटीने गुणायचं.

इलेक्ट्रिक कारला बहुतेक वेळा एकच रेशो असतो, साधारण ८ ते १० च्या आसपास, कारण मोटर शून्य आरपीएमपासूनच पूर्ण टॉर्क देते आणि पुढे दहा-बारा हजारांपर्यंत फिरू शकते, तिला पायऱ्या लागतच नाहीत. चढावर काही विचार करायला नको. उतारावर मात्र धरून ठेवायचं काम रीजनरेशन (मोटर जनरेटरसारखी चालून बॅटरी चार्ज करते ते) करतं आणि त्यासाठी बॅटरीत जागा लागते. लोणावळ्यात शंभर टक्के चार्ज करून लगेच खोपोलीकडे उतरायला लागलात तर भरलेली बॅटरी करंट घेत नाही, रीजन कमी मिळतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो, म्हणून वरून निघताना चार्जिंग ९० टक्क्यांच्या आतच थांबवा.